उलांडीची बांधणी सैल का पडते?



आपल्या समाजाच्या परंपरेचा आरंभच एका फुटलेल्या जहाजापासून होतो. नवगावच्या किनाऱ्यावर जिवानिशी वाचलेल्या सात जोडप्यांची कथा आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी घरात ऐकलेली आहे. पुढे आपले पूर्वज तेल गाळू लागले, शेती करू लागले. परंतु अलिबाग, रेवदंडा, मुरुड, पेण ही त्यांची गावे समुद्राच्या वा खाडीच्या काठचीच होती. म्हणून होडीविषयी चार शब्द लिहिले तर ते आपल्या वाचकांस परके वाटणार नाहीत, असा आमचा विश्वास आहे.

सन २०२० च्या सप्टेंबर महिन्यात इस्राएल व संयुक्त अरब अमिराती यांच्यात करार झाला, आणि आपल्या समाजातील कुटुंबांना अबू धाबी, दुबई येथे जाणे-येणे सुलभ झाले. कोणी नोकरीनिमित्त तेथे राहिले, कोणी सुटीत मुलाबाळांस घेऊन जातात. तेथील खारफुटीच्या शांत पाण्यात लहान होडी वल्हविणे हा हिवाळ्यातील एक लोकप्रिय छंद आहे. काही कुटुंबे मुलांच्या सुरक्षिततेसाठी होडीला बाजूचा तरंगता आधार जोडून घेतात. विचार चांगला आहे. परंतु ह्या आधाराचे सांधे जर सैल असतील, तर जो आधार म्हणून लावला तोच अडचणीचे कारण होतो. ह्या लेखाचा विषय तेवढाच आहे : हे सांधे सैल का पडतात, ते किनाऱ्यावरच कसे ओळखावेत आणि नीट कसे बांधावेत.

जुनी युक्ती, नवी होडी

अरुंद होडी चपळ असते, पण ती चटकन कलंडते. यावर उपाय म्हणून होडीच्या एका अंगास, काही अंतरावर, हलक्या लाकडाचा ओंडका पाण्यात तरंगत ठेवितात आणि तो दोन आडव्या दांड्यांनी होडीस जोडतात. दक्षिण कोकणात, मालवण-वेंगुर्ल्याकडे, यास उलांडी म्हणतात. प्रशांत महासागरातील बेटांवरही हीच युक्ती आहे. हवाईचे लोक ह्या तरंगत्या ओंडक्यास ‘अमा’ व आडव्या दांड्यांस ‘इआको’ म्हणतात. अमासाठी ते ‘विलिविली’ नावाच्या झाडाचे अतिशय हलके लाकूड वापरीत. हे झाड आपल्या पांगाऱ्याच्याच कुळातील आहे, हे ऐकून कोकणात वाढलेल्या वाचकांस मौज वाटेल.

अरबी आखातात उलांडीची पद्धत रुजलेली दिसत नाही, तथापि होडी मात्र आपल्याच बाजूने तेथे गेली. अरबस्तानच्या किनाऱ्यावर एका लाकडातून कोरलेल्या लहान होडीस ‘हुरी’ म्हणतात. अशा होड्या पूर्वी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून तेथे नेत असत, आणि हा शब्द आपल्या ‘होडी’चाच भाऊबंद असल्याचे मानले जाते. जेथे मोठे लाकूड मिळत नाही, त्या भूमीने गलबतांसाठी मलबारचा साग नेला व फळ्या शिवण्यासाठी काथ्याची दोरी नेली. फुजैराच्या बाजूस कोळी लोक खजुराच्या फांद्यांचे देठ दोरीने एकत्र बांधून ‘शाशा’ नावाची होडी करीत. तिच्यात खिळा नाही की बोल्ट नाही. सारा भार बांधणीवर.

ही बांधणी किती भरवशाची असते याचा अलीकडचा पुरावाही अमिरातीतच मिळतो. सन २०२४ मध्ये अबू धाबी येथे सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या पद्धतीचे, ‘मगान’ नावाचे १८ मीटर लांबीचे जहाज तयार करून समुद्रात चालविण्यात आले. सुमारे १५ टन बोरू भिजवून, चेचून, खजुराच्या तंतूंच्या दोरीने त्याच्या मोळ्या बांधल्या, त्या लाकडी सांगाड्यास आवळल्या आणि वरून डांबराचा लेप दिला. हे जहाज शिडावर ५.६ नॉटपर्यंत वेगाने गेले. त्याआधी सन १९४७ मध्ये ‘कॉन-टिकी’ हा बाल्सा लाकडाचा तराफा पेरूहून निघून १०१ दिवसांनी पॉलिनेशियात पोहोचला होता. दोऱ्या ओंडक्यांवर घासून तुटतील, असे जाणकारांचे भाकीत होते. घडले उलटेच. मऊ लाकडात दोऱ्या रुतून बसल्या आणि घासण्यापासून सुरक्षित राहिल्या.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सांधा घट्ट असावा, पण ताठ नसावा. लाट आली की होडी, दांडी व उलांडी ही तिन्ही किंचित वेगवेगळी हलू पाहतात. चांगली बांधणी त्यांना केसभर हलू देते आणि पुन्हा जागेवर आणते. मुळीच न हलणारा सांधा धक्का साठवीत राहतो व एके दिवशी तुटतो. फार हलणारा सांधा प्रत्येक लाटेबरोबर आणखी सैल होतो.

अबू धाबीतील एक प्रसंग

आमचा भाचा नोकरीनिमित्त सहकुटुंब अबू धाबी येथे राहतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही त्याच्याकडे गेलो असता त्याने आम्हांस आपली होडी दाखविली. होडी प्लॅस्टिकची, दोन वल्ह्यांची. डाव्या अंगास ॲल्युमिनियमच्या दोन नळ्यांवर पी.व्ही.सी. नळाची, दोन्ही तोंडे बंद केलेली उलांडी. सर्व जोडणी तयार संचातली, नटबोल्टांची. आदल्याच आठवड्यात तो आपल्या नऊ व सहा वर्षांच्या मुलांसह खारफुटीत गेला होता. तासाभराने होडी सारखी डावीकडे वळू लागली. त्याला वाटले प्रवाह असेल. प्रत्यक्षात मागील दांडीचा बोल्ट सैल होऊन उलांडीचे तोंड तिरके झाले होते व ती पाणी नांगरीत चालली होती. ओहोटी लागलेली. त्याने वेळीच होडी वळविली, मुलांच्या अंगात तरंगती जाकिटे होती, आणि सारे सुखरूप परतले. पण लहान मुलगी पुन्हा होडीत बसावयास तयार होईना.

भाचा आम्हांस म्हणाला, “मामा, नट पुन्हा आवळला की झाले ना?”

आम्ही म्हणालो, “नट कशाने सैल झाला ते आधी पाहू. नाहीतर आवळलेला नट पुन्हा तेच करील.”

अजमान येथे लाकडी गलबतांच्या कामावर अनेक भारतीय कारागीर राबले आहेत. भाच्याच्या ओळखीचे एक वृद्ध मिस्त्री मूळ रत्नागिरीकडचे. होडी गाडीच्या टपावर बांधून आम्ही त्यांच्याकडे नेली. त्यांनी उलांडीचे टोक धरून एकदाच हलविले, बोल्टाकडे पाहिले आणि म्हणाले, “मास्तर, बोल्ट तुटतो तेव्हा न सांगता तुटतो. दोरी आधी सांगते. तिची लव सुटते, ती सैल पडते, डोळ्यांना दिसते.” त्यांनी पुढे जे केले व जे सांगितले, त्यास आम्ही शाळेतल्या गणिताची थोडी जोड देऊन खाली मांडीत आहो.

भार कोठे पडतो?

समजा, होडीची रुंदी ८० सें.मी. आहे आणि उलांडी होडीच्या मध्यरेषेपासून १२० सें.मी. दूर आहे. उलांडीचा नळ १६ सें.मी. जाड व १ मीटर लांब असेल, तर तो पूर्ण बुडाला असता सुमारे २० लिटर पाणी बाजूस सारतो. म्हणजे पाणी त्यास सुमारे २० किलोच्या जोराने वर ढकलते. नळाचे स्वतःचे वजन क्षणभर बाजूस ठेवू.

आता दांडी ही तरफ समजा. उलांडी वर ढकलली जाते तेव्हा दांडी होडीच्या दूरच्या काठावर टेकते व जवळच्या काठावरून उचलली जाऊ पाहते. दूरच्या काठापासून उलांडीचे अंतर १६० सें.मी., जवळच्या काठाचे ८० सें.मी. अंतर दुप्पट, म्हणून जोरही दुप्पट : उलांडीवर २० किलो, तर जवळच्या काठाच्या बांधणीवर ४० किलो. दोन दांड्या असल्यामुळे प्रत्येकीच्या वाट्यास २० किलो. लाटेचा धक्का बसला की हा आकडा वाढतो. एक दांडी सैल असेल तर सारा भार दुसरीवर जातो. यास्तव उलांडीकडील काठाची बांधणी सर्वांत प्रथम तपासावी. शिवाय तेथे १ सें.मी. ढिलाई असेल तर उलांडीस २ सें.मी. वरखाली होता येते, आणि ही मोकळीक प्रत्येक लाटेस हातोड्यासारखी आपटावयास वाव देते.

आखाती हवेत सांधे का सैलावतात?

पहिले कारण ऊन. होडीचे प्लॅस्टिक सतत दाबाखाली व उष्णतेत हळूहळू बसते. त्यामुळे डिसेंबरात घट्ट असलेला बोल्ट एप्रिलमध्ये सैल भासतो, यद्यपि त्यास कोणी हात लाविलेला नसतो. प्लॅस्टिकमध्ये नुसते स्क्रू पिळले तर ते उपटून येतात. अशा प्लॅस्टिकला बहुतेक गोंदही धरीत नाहीत.

दुसरे कारण खारे पाणी. अरबी आखाताचे पाणी बाहेरच्या महासागरापेक्षा अधिक खारे आहे. ॲल्युमिनियमच्या नळीत पोलादी बोल्ट असला व दोघांमध्ये खारे पाणी शिरले, की ॲल्युमिनियम झिजू लागते. भोवती पांढरी भुकटी जमते, भोक गोलाचे लांबट होते, आणि बोल्ट कितीही आवळला तरी नळी डुलतच राहते. भाच्याच्या होडीत नेमके हेच झाले होते.

तिसरे कारण दोरीची निवड. नायलॉनची दोरी भिजली की ताणते. स्वस्त पॉलिप्रॉपिलीनची दोरी उन्हाने कुजून तिचा भुगा होतो. पॉलिस्टरची विणलेली दोरी कमी ताणते व ऊनही बरे सोसते. म्हणून उलांडीसाठी तीच घ्यावी.

चौथे कारण कोंडलेली हवा. दोन्ही बाजूंनी बंद केलेला नळ सकाळी २५ अंशांवर असेल व वाळूवर उन्हात ६० अंशांपर्यंत तापला, तर आतील हवेचा दाब सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो. झाकणांचे सांधे यामुळे उघडतात, मग नळात पाणी शिरते, उलांडी जड होते, आणि तिच्या ओझ्याने बाकीची बांधणीही ओढली जाते. म्हणून झाकणाला पेचाचे बूच असावे; किनाऱ्यावर ते उघडे ठेवावे, पाण्यात जाताना बंद करावे.

तपासणी व दुरुस्ती

होडी सपाट वाळूवर ठेवावी. एकाने ती घट्ट धरावी. दुसऱ्याने उलांडीचे टोक हातात घेऊन तीन प्रकारे हलवावे : वर-खाली, पुढे-मागे, आणि पिळून. होडी व उलांडी एकजीव हलली पाहिजेत. ‘खट्’ असा आवाज आला तर तो कोणत्या सांध्यातून येतो ते बोट लावून शोधावे. कानापेक्षा बोटास ते लवकर कळते.

त्यानंतर उलांडी सर्वस्वी सोडवावी. सैल सांध्यावरच वरून आणखी दोरी गुंडाळणे हा उपाय नव्हे. सर्व भाग गोड्या पाण्याने धुवावेत, वाळवावेत. लांबट झालेले भोक, तडा, झिजलेली दोरी दिसल्यास तो भाग बदलावा.

काठावरील जोडणीसाठी मिस्त्रींनी होडीच्या काठातून आरपार बोल्ट घालून कडी बसविली व आतून रुंद चकती दिली, म्हणजे ताण एका भोकावर न पडता पसरतो. गंज न धरणारे पोलाद व ॲल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनची चकती घातली. नट घेतले ते आत नायलॉनची कडी असलेले. ते हादऱ्याने सहसा सुटत नाहीत.

नळी गोल व गुळगुळीत असल्याने ती जागच्या जागी फिरते. म्हणून नळी व उलांडी यांच्यामध्ये सागाचा लहान ठोकळा ठेविला. त्यास वरून नळीच्या व खालून उलांडीच्या गोलाईची खाच पाडली. खाचेत सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घातला. रबराने पकड येते व धक्काही थोडा शोषला जातो.

मग बांधणी. ६ मि.मी. जाडीची, प्रत्येक सांध्यास सुमारे ५ मीटर दोरी. दोरीचे एक टोक नळीस पक्के अडकवून नळीवरून, उलांडीखालून, पुन्हा नळीवरून असे तीन पूर्ण वेढे द्यावेत. प्रत्येक वेढा शेजारी शेजारी बसावा, एकावर एक चढू नये. प्रत्येक वेढ्यास पायाने रेटा देऊन दोरी ओढावी. एवढ्यावर बहुतेक जण गाठ मारितात, आणि तेथेच बांधणी फसते. खरा आवळा पुढे आहे : नळी व उलांडी यांच्या मधून, आधीच्या वेढ्यांवरच आडवे तीन फेरे घ्यावेत. हे फेरे मूळ वेढ्यांची कंबर आवळतात व राहिलेली सारी ढिलाई काढून घेतात. स्काउटच्या पथकात ज्यांनी दोन काठ्या बांधल्या असतील त्यांस ही रीत परिचित आहे. मिस्त्री म्हणाले, “वेढा धरतो, आडवा फेरा आवळतो. दुसऱ्यावाचून पहिला फुकट.”

शेवटची गाठ मारण्यापूर्वी अंतर मोजावे. होडीच्या मध्यरेषेपासून उलांडीच्या पुढच्या टोकाचे व मागच्या टोकाचे अंतर सारखे असले पाहिजे. अंतर असमान राहिले तर होडी एका बाजूस ओढत राहील व वल्हविणारा व्यर्थ दमेल. उलांडीचे नाकही पाण्यात खुपसता कामा नये. पुढचे टोक मागच्यापेक्षा किंचित उंच असलेले बरे.

सर्व झाल्यावर दोरीच्या कडेस नळीवर रंगाची एक बारीक रेघ ओढावी. पुढे केव्हाही रेघ व दोरी यांत अंतर दिसले, तर बांधणी सरकली असे समजावे. सहा वर्षांच्या मुलासही हे पाहता येते.

पाण्यात जाण्यापूर्वी व पाण्यावर

पहिली परीक्षा गुडघाभर पाण्यात करावी. एकाने होडीत बसावे, दुसऱ्याने उलांडीवर भार देऊन ती पाण्यात दाबावी व सोडावी. असे दहा-बारा वेळा. नंतर अर्धा तास किनाऱ्यालगत वल्हवून परत यावे आणि आडवे फेरे पुन्हा आवळावेत. नवी दोरी पहिल्या ओलाव्यात व ताणात बसते, म्हणून हा दुसरा आवळा चुकवू नये. दुरुस्तीचे काम भर दुपारी करू नये. १५ जून ते १५ सप्टेंबर ह्या काळात दुपारी १२.३० ते ३ पर्यंत उन्हात काम करून घेण्यास त्या देशात बंदी आहे. कायदा मजुरांसाठी आहे, पण ऊन सर्वांस सारखेच.

होडीत चार मीटर दोरी, एक चाकू व प्रत्येकाच्या अंगात तरंगते जाकीट असावे. पाण्यावर सांधा सैल झाल्याचे जाणवताच पुढे जाण्याचा हट्ट सोडावा. सर्वांनी होडीच्या तळाशी खाली बसावे, जवळचा किनारा गाठावा. किनारा दूर असेल तर शांतपणे तात्पुरते वेढे द्यावेत. होडी उलटली तरी ती सोडून पोहत जाऊ नये, कारण माणसाच्या डोक्यापेक्षा होडी दुरून लवकर दिसते. वाऱ्याची दिशा आधी पाहावी. ‘शमाल’ हा वारा वायव्येकडून येतो. अबू धाबीच्या किनाऱ्यावर तो समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. फुजैराचा किनारा मात्र पूर्वेकडे तोंड करून आहे, तेथे पश्चिमेचा वारा होडीस किनाऱ्यापासून दूर ओमानच्या आखातात नेतो. तेथे उलांडीबाबत अधिकच सावध असावे. संकटसमयी अमिरातीच्या तटरक्षक दलाचा दूरध्वनी क्रमांक ९९६ आहे.

आमच्या भाच्याने आता घरात कामे वाटून दिली आहेत. मोठा मुलगा उलांडी तीन प्रकारे हलवून पाहतो. लहान मुलीकडे रंगाच्या रेघा तपासण्याचे काम आहे. तिने ‘ठीक’ म्हटल्यावाचून होडी पाण्यात जात नाही. पहिल्या दोन वेळा तिने तपासणी केली व स्वतः किनाऱ्यावर आईजवळ थांबली. तिसऱ्या वेळी जाकीट चढवून ती मधल्या जागेवर जाऊन बसली, असे त्याचे पत्र आले आहे. ज्या मुलास सांधा का धरतो हे कळले, त्यास धीर देण्यासाठी मोठ्यांस फार बोलावे लागत नाही, हा आमचा इतक्या वर्षांच्या अध्यापनाचा अनुभव आहे.

ज्या कुटुंबांकडे अशी होडी असेल त्यांस एवढीच विनंती की, हंगाम संपताच उलांडी सोडवून, धुऊन सावलीत ठेवावी, आणि नोव्हेंबरात पहिल्यांदा पाण्यात उतरण्यापूर्वी जुनी दोरी टाकून नवी घ्यावी. दोरीची किंमत फार नसते.